शेवटच्या मैलाचा हिशेब

डिसेंबर २०२५ च्या अखेरीस, ऐन खरेदीच्या दिवसांत, देशातील अनेक शहरांमधील घरपोच माल देणाऱ्या कामगारांनी संप पुकारला. वाढीव मोबदला, अपघाती विमा आणि सामाजिक सुरक्षा या मागण्यांबरोबरच दहा मिनिटांत माल पोचवण्याची पद्धत बंद व्हावी, अशीही त्यांची मागणी होती. पाठोपाठ जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय श्रममंत्रालयाने या व्यवसायातील कंपन्यांशी बोलणी केली आणि त्यांपैकी एका मोठ्या कंपनीने आपल्या जाहिरातींतून दहा मिनिटांचा उल्लेख काढून टाकला. जाहिरातीतील एक आकडा गेला याचे समाधान मानण्यास हरकत नाही. परंतु त्यामुळे मूळ प्रश्न सुटला, असे कोणी समजत असेल तर ती आत्मवंचना ठरेल.

गेल्या दीड दशकात ऑनलाइन खरेदी हा मध्यमवर्गाच्या नित्यक्रमाचा भाग बनला आहे. शाळेतील शिक्षक, कचेरीतील कारकून, स्पर्धापरीक्षांचा अभ्यास करणारा विद्यार्थी हे सारे जण पुस्तकापासून पंख्यापर्यंत अनेक वस्तू फोनवरूनच मागवतात. या व्यापाराविषयी चर्चा होते ती किमतीची, सवलतीची आणि वेगाची. गोदामातून निघालेली वस्तू उंबरठ्यापर्यंत येते कशी, हा शेवटचा टप्पा इतका कष्टाचा व खर्चाचा का ठरतो आणि तो खर्च प्रत्यक्षात कोणाच्या खांद्यावर पडतो, याचा विचार मात्र क्वचितच होतो. वाहतुकीच्या व्यवसायात या टप्प्याला 'शेवटचा मैल' म्हणतात. त्यात सुधारणा करायची असेल, तर मिनिटे मोजण्यापूर्वी हा हिशेब मांडला पाहिजे.

जुनी कल्पना, नवे प्रमाण

घरबसल्या खरेदीची कल्पना भारताला नवी नाही. टपालखात्याने व्हॅल्यू पेएबल पोस्टाची, म्हणजे सर्वांच्या परिचयाच्या व्ही. पी. ची पद्धत १८७७ मध्ये सुरू केली. पुडके घरी यावे, पोस्टमनच्या हाती पैसे द्यावेत आणि ते टपालखात्याने विक्रेत्याला पोचते करावेत, अशी ती व्यवस्था होती. मराठी प्रकाशकांची पुस्तके आणि दिवाळी अंक याच मार्गाने गावोगावी गेले. फ्लिपकार्ट ही कंपनी २००७ मध्ये बंगळूरला सुरू झाली तीही पुस्तकविक्रीसाठी, आणि माल हाती आल्यावर पैसे देण्याची सोय तिने २०१० मध्ये आणली. त्या वेळी या सोयीचे मोठे कौतुक झाले. तिच्यामागील तत्त्व मात्र व्ही. पी. चेच होते. अनोळखी विक्रेत्यावर विश्वास नसलेला ग्राहक दाराशी आलेल्या माणसावर विश्वास ठेवतो, हे टपालखात्याने सव्वाशे वर्षांपूर्वीच ओळखले होते.

बदलले ते प्रमाण. २०१३ मध्ये ॲमेझॉन भारतीय बाजारात उतरली, स्वस्त स्मार्टफोन हाती आले, २०१६ नंतर यूपीआयमुळे पैसे देणे सुलभ झाले आणि २०२० च्या टाळेबंदीने दुकानात जाणेच अशक्य केले. या सर्वांचा परिणाम म्हणून पूर्वी महिन्यातून एखादे पार्सल पाहणाऱ्या गल्लीत आता रोज दहा-वीस पुडकी येऊ लागली. गोदामे यांत्रिक झाली, वर्गीकरण यंत्रे करू लागली, महामार्ग रुंद झाले. शेवटचा मैल मात्र जवळपास होता तसाच राहिला. तेथे आजही एक माणूस, त्याची दुचाकी, पाठीवरचे ओझे आणि हातातला अपुरा पत्ता एवढीच सामग्री आहे.

एका पुडक्याचे अर्थशास्त्र

भिवंडीच्या गोदामातून निघालेला ट्रक हजारो पुडकी एका खेपेत नाशिकला किंवा कोल्हापूरला नेतो. तोवरचा खर्च सर्व पुडक्यांत वाटला जात असल्याने प्रत्येकाच्या वाट्याला तो थोडाच येतो. शहरात पोचताच ही सामुदायिक यात्रा संपते. प्रत्येक पुडक्याची वाट वेगळी, जिना वेगळा आणि दार उघडण्याची वेळही वेगळी असते.

समजा, एक कामगार, त्याचे वाहन व इंधन यांवर मिळून दिवसाकाठी १००० रुपये खर्च होतात. ठाण्याच्या किंवा पिंपरी-चिंचवडच्या दाट वस्तीत त्याने दिवसभरात ८० पुडकी दिली, तर पुडक्यामागे साडेबारा रुपये पडतात. तोच माणूस एखाद्या डोंगराळ तालुक्यात पाच-सात वाड्या फिरून २० पुडकी देत असेल, तर हा आकडा ५० रुपयांवर जातो. शहरातील ८० पैकी १६ पुडकी पहिल्या फेरीत देता आली नाहीत, तर प्रत्यक्ष दिलेल्या प्रत्येक पुडक्याचा खर्च साडेपंधरा रुपयांच्या वर चढतो आणि उरलेली १६ पुडकी दुसऱ्या दिवशीच्या ओझ्यात भर घालतात. आकडे उदाहरणादाखल घेतलेले असले, तरी त्यांतून निघणारा नियम खरा आहे. शेवटच्या मैलाचा खर्च मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो: एका फेरीत किती घरे जवळजवळ येतात आणि पहिल्याच फेरीत किती दारे उघडतात.

या हिशेबात वेगाला स्थान नाही. किंबहुना अतिवेगाने हिशेब बिघडतोच. दहा-पंधरा मिनिटांत माल द्यायचा म्हटले, की चार घरांच्या मागण्या एकत्र करून एक फेरी मारणे अवघड होते. एका पाकिटासाठी एक दुचाकी धावते. ही व्यवस्था चालते ती जेथे दोन-तीन किलोमीटरच्या परिघात भरपूर खरीददार आहेत आणि मधोमध छोटे गोदाम थाटणे परवडते, अशा महानगरी वस्त्यांतच. त्याच राज्यातील एखाद्या आदिवासी तालुक्यातील विद्यार्थ्याने स्पर्धापरीक्षेचे पुस्तक मागवले, तर 'या पिनवर ही वस्तू पोचवता येत नाही' असा निर्विकार संदेश त्याला पडद्यावर वाचावा लागतो. एकाला कोथिंबिरीची जुडी दहा मिनिटांत मिळावी आणि दुसऱ्याला पुस्तक केव्हा मिळेल याची खात्रीच नसावी, ही विषमता या व्यापाराच्या यशोगाथेत नोंदली जात नाही.

'मोफत घरपोच' हा शब्दप्रयोगही असाच फसवा आहे. कोणतेही पुडके फुकट येत नाही. त्याचा खर्च वस्तूच्या किमतीत मिसळलेला असतो, विक्रेत्याकडून कापून घेतला जातो, गुंतवणूकदारांच्या भांडवलातून काही काळ भागवला जातो किंवा पुडके आणणाऱ्या माणसाच्या मोबदल्यातून वसूल होतो. पहिल्या तीन मार्गांना मर्यादा आहेत. भांडवल अक्षय नसते, विक्रेता सोडून जाऊ शकतो आणि ग्राहक किमतीची तुलना करतो. चौथ्या मार्गाला प्रतिकार सर्वांत कमी, म्हणून बोजा तिकडे सरकतो. डिसेंबरमधील संपाचे हे खरे कारण होते.

पत्त्याचा प्रश्न

पहिल्या फेरीत दार न उघडण्याची कारणे दोन. घरात कोणी नसणे हे एक आणि घरच न सापडणे हे दुसरे. भारतीय पत्ता हा पुष्कळदा वाटसरूला केलेल्या मार्गदर्शनासारखा असतो. मारुतीच्या देवळासमोर, पिंपळाच्या पारामागे, जुन्या गिरणीच्या गल्लीत अमुक यांच्या घराशेजारी, अशा खुणांवर तो उभा असतो. गावच्या पोस्टमनला एवढे पुरते, कारण माणसे त्याच्या ओळखीची असतात. कंपनीने आठवड्यापूर्वी नेमलेल्या आणि दुसऱ्या जिल्ह्यातून आलेल्या तरुणाला ते पुरत नाही.

या अव्यवस्थेवरचा पहिला मोठा उपाय एका मराठी अधिकाऱ्याने काढला होता. टपालखात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे विद्वान श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली सहा अंकी पिनकोडाची पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी अमलात आली. एकाच नावाची अनेक गावे, अनेक लिप्या आणि अनेक भाषा यांमुळे होणारा पत्रांचा गोंधळ तिने संपवला. पहिला अंक विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा वर्गीकरणाच्या जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन बटवडा करणाऱ्या कचेरीचे, ही तिची रचना पाहिली की तिच्यामागील तर्कशुद्ध बुद्धीची साक्ष पटते. खासगी कंपन्यांची आजची सर्व यंत्रणा याच सहा अंकांवर उभी आहे, ही गोष्टही ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

तथापि पिनकोड पत्र कचेरीपर्यंत नेण्यासाठी होता. दारापर्यंत नेण्याचे काम पोस्टमनचे होते. देशातील टपालकचेऱ्या सुमारे १ लाख ६५ हजार आणि पिनकोड मात्र सुमारे १९ हजार. म्हणजे एका पिनमागे सरासरी आठ-नऊ कचेऱ्या आणि ग्रामीण भागात तर त्यांच्याखालची कितीतरी गावे व वाड्या येतात. ही उणीव भरून काढण्यासाठी टपालखात्याने मे २०२५ मध्ये 'डिजिपिन' ही नवी पद्धत जाहीर केली. हैदराबादची आयआयटी आणि इस्रोचे राष्ट्रीय दूरसंवेदन केंद्र यांच्या साहाय्याने ती तयार झाली आहे. देशाच्या भूमीचे सुमारे चार मीटर लांब व चार मीटर रुंद असे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षरांचा व अंकांचा संकेत देण्यात आला आहे. जून २०२४ पासून अमलात आलेल्या २०२३ च्या टपाल कायद्यानेही पत्त्यांचे मानक ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला आहे.

हा उपक्रम स्वागतार्ह आहे. परंतु त्याच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. चार मीटरच्या चौकोनाला उंची नसते. वीस मजली इमारतीतील एकावर एक असलेल्या वीस घरांचा संकेत एकच येणार, आणि झोपडपट्टीतील पोटमाळ्यावरच्या बिऱ्हाडाचाही खालच्या बिऱ्हाडासारखाच. शिवाय जमिनीवरचा अचूक बिंदू हाती आला म्हणून तेथवर जाण्याचा रस्ता सापडतोच असे नाही. ओढ्यापलीकडचे घर नकाशावर पन्नास मीटरवर आणि पावसाळ्यात पाच किलोमीटरवर असते. तेव्हा या संकेताला इमारत, मजला आणि खोली यांच्या क्रमांकाची जोड हवीच. ते काम ग्रामपंचायती व नगरपालिका यांचे आहे. घरपट्टीच्या वहीत प्रत्येक मिळकतीला क्रमांक असतो; तो घराच्या दारावर ठळकपणे लिहिलेला मात्र क्वचित आढळतो. गल्लीच्या तोंडाशी नावाची पाटी आणि दारावर क्रमांक एवढ्या साध्या गोष्टींनी जे साधेल, ते उपग्रहालाही साधणार नाही.

पत्त्याला सामाजिक बाजूही आहे. महाराष्ट्रातील अनेक गावांत वस्त्यांची नावे जातीवरून पडली होती. ती बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. माणसाची जात जाहीर न करणारा पत्ता मिळणे हा त्याच्या प्रतिष्ठेचा भाग आहे. नव्या नोंदी करताना कंपन्यांच्या यादीत जुनीच नावे पुन्हा शिरणार नाहीत, याची काळजी घेतली पाहिजे. त्याचप्रमाणे नाव, फोनक्रमांक आणि घराचा नेमका बिंदू ही माहिती पुडक्याबरोबर अनेक हातांतून जाते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. पुडक्यावर छापलेल्या चिठ्ठीपर्यंत हा कायदा पोचतो की नाही, यावर त्याची कसोटी लागेल.

उपेक्षित जाळे

दूरच्या गावांपर्यंत कोण जाणार, या प्रश्नाचे उत्तर देशाजवळ पूर्वीपासून आहे. १८५४ मध्ये टपालखात्याने अंतर कितीही असले तरी वजनानुसार एकच दर हे तत्त्व स्वीकारले. मुंबईतल्या मुंबईत जाणाऱ्या पत्राने दूरच्या खेड्यात जाणाऱ्या पत्राचा भार उचलायचा, हा त्यातला अर्थ. टपालखात्याच्या तोट्याची चर्चा करणारे हे तत्त्व सोयीस्करपणे विसरतात. खासगी कंपनी फायद्याचा पिन निवडते आणि तोट्याचा सोडून देते. व्यापारी म्हणून तिला तसा हक्क आहे. टपालखात्याला तो नाही. म्हणूनच काही मोठ्या कंपन्या अवघड ठिकाणच्या पुडक्यांसाठी टपालखात्याचीच मदत घेतात.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात केंद्रीय अर्थमंत्र्यांनी दीड लाख ग्रामीण टपालकचेऱ्या आणि २ लाख ४० हजार डाकसेवक यांच्या आधारे टपालखात्याला मोठी सार्वजनिक मालवाहतूक संस्था बनवण्याची घोषणा केली. घोषणा योग्य दिशेची आहे. प्रश्न अंमलबजावणीचा आहे. ग्रामीण शाखा कचेरी दिवसातून चार-पाच तास उघडी असते. डाकसेवकाला त्या वेळेच्या हिशेबाने मोबदला मिळतो आणि तो नियमित सरकारी नोकर गणला जात नाही. पत्रांची थैली सायकलवर नेणाऱ्याला आता मिक्सर आणि शिलाईयंत्र न्यायला सांगायचे असेल, तर त्याच्या कामाचे तास, वाहन आणि पुडक्यामागे मिळणारा मोबदला यांचा नव्याने विचार करावा लागेल. अन्यथा खासगी कंपनीने कामगाराच्या माथी मारलेला बोजा सरकार डाकसेवकाच्या माथी मारील, एवढाच फरक होईल.

या जाळ्याला दुसरी जोड एस. टी. ची देता येईल. गावोगावी जाणारी एस. टी. १९४८ पासून महाराष्ट्राच्या अंगवळणी पडली आहे आणि पार्सले नेण्याची तिची परंपराही जुनी आहे. ठरलेल्या वेळी ठरलेल्या गावी जाणारी गाडी हे मालवाहतुकीचे अत्यंत मौल्यवान साधन असते. कारण ती तशीही जाणारच असते. जिल्ह्याच्या ठिकाणाहून तालुक्याच्या बसस्थानकापर्यंत एस. टी. ने आणि तेथून गावापर्यंत डाकसेवकाने, अशी साखळी जुळवली आणि तिचा ठरावीक दर जाहीर करून ती सर्व विक्रेत्यांना खुली केली, तर लहान विक्रेत्यालाही मोठ्या कंपनीच्या बरोबरीने ग्राहकापर्यंत पोचता येईल. सावंतवाडीची लाकडी खेळणी करणारा कारागीर किंवा सांगलीचा हळदविक्रेता यांना आज वाहतुकीसाठी मोठ्या कंपनीच्या अटींवर अवलंबून राहावे लागते, ते टळेल.

मुंबईच्या डबेवाल्यांचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. १८९० च्या सुमारास सुरू झालेल्या या सेवेत भरभराटीच्या काळी सुमारे ५ हजार माणसे रोज दोन लाखांच्या आसपास डबे पोचवीत असत. २०२० च्या टाळेबंदीने आणि बदललेल्या कचेरीपद्धतीने तिला मोठा फटका बसला. डबेवाल्यांच्या अचूकपणाचे गोडवे गाताना त्यामागची कारणे मात्र विसरली जातात. त्यांचा मार्ग रोज तोच, वेळ तीच, घर ओळखीचे आणि लोकल गाडी स्वस्त. मुख्य म्हणजे डबेवाला हा कोणाचा नोकर नसून आपल्या गटाच्या मिळकतीतला भागीदार असतो. ऑनलाइन खरेदीचे पुडके रोज नव्या दारी जाते, म्हणून ही पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही. ठरावीक वस्ती ठरावीक माणसाकडे दीर्घकाळ ठेवणे आणि कामाच्या फळात त्याला वाटा देणे, हे दोन धडे मात्र निश्चित घेता येतील. वस्ती ओळखणारा माणूस हाच सर्वांत चांगला नकाशा असतो.

माथाडी कायद्याचा धडा

नीति आयोगाच्या जून २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात सुमारे ७७ लाख 'गिग' कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ही संख्या २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज आहे. यांत टॅक्सीचालकांपासून घरी येऊन दुरुस्ती करणाऱ्यांपर्यंत अनेक जण येतात. तरी माल पोचवणारे त्यांतला ठळक वर्ग आहेत. दुचाकी त्यांची, पेट्रोल त्यांचे, फोन त्यांचा आणि अपघाताची जोखीमही त्यांचीच. ग्राहक फोन उचलत नाही म्हणून उन्हात उभे राहण्यात गेलेली दहा मिनिटे कोणाच्याच हिशेबात नसतात, कारण मोबदला दिलेल्या पुडक्याचा असतो. पत्ता अपुरा, लिफ्ट बंद, रस्ता खणलेला, या सर्व उणिवांचा दंड अखेरीस हा माणूस भरतो. कंपन्यांच्या लेखी तो कामगार नसून 'भागीदार' आहे. मात्र डबेवाल्याला मिळतो तसा मिळकतीतला वाटा या भागीदाराला मिळत नाही.

कायद्याने या वर्गाची दखल उशिरा घेतली. राजस्थानने २०२३ मध्ये देशातील पहिला कायदा केला, कर्नाटकाने २०२५ मध्ये त्याचे अनुकरण केले. केंद्राची २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तीत कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीत भरावी अशी तरतूद आहे; मात्र ही रक्कम या कामगारांना दिलेल्या मोबदल्याच्या पाच टक्क्यांहून अधिक असू नये, अशी मर्यादाही आहे. ही सुरुवात आहे. तथापि संहितेने या कामगारांना मालक-नोकर नात्याच्या बाहेरचे मानले असल्याने किमान वेतन, कामाचे तास आणि कामावरून अचानक दूर करण्यापासून संरक्षण हे प्रश्न मोकळेच राहिले आहेत.

हे कामगार एका मालकाचे नाहीत, मग त्यांची जबाबदारी कोणावर टाकणार, असा युक्तिवाद कंपन्या करतात. महाराष्ट्राला हा युक्तिवाद नवीन नाही. मुंबईच्या घाऊक बाजारात पाठीवर पोती वाहणारा हमाल सकाळी एका व्यापाऱ्याचा माल उतरवी, दुपारी दुसऱ्याचा. आजारपणी वा अपघातात तो आमचा नव्हे असे प्रत्येक व्यापारी म्हणे. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखाली माथाडी कामगार संघटित झाले आणि १९६९ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. या कायद्याने एक साधी पण क्रांतिकारक युक्ती योजली. मालक एक नसेल तर सर्व मालकांची मिळून नोंद करायची, कामगारांचीही नोंद करायची आणि दोहोंमध्ये मालक, कामगार व शासन यांचे प्रतिनिधी असलेले मंडळ उभे करायचे. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मालकाने मंडळाकडे भरायची. मंडळाने त्यातून मजुरी, भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा आणि औषधोपचार यांची व्यवस्था पाहायची. कामगार अनेक मालकांकडे काम करण्यास मोकळा राहिला आणि तरी निराधार राहिला नाही.

एकाच दिवशी तीन ॲपवर काम करणाऱ्या तरुणाची स्थिती त्या हमालाहून वेगळी नाही. उलट आज हे काम अधिक सोपे आहे. त्या काळी कोणी किती पोती उतरवली याचा हिशेब मुकादमाच्या वहीत असे आणि त्यावरून तंटे होत. आज प्रत्येक पुडक्याची वेळ, अंतर आणि मोबदला संगणकात नोंदलेला असतो. पुडक्यामागे ठरावीक लेव्ही आपोआप मंडळाकडे वळवणे ही तांत्रिक अडचण नव्हे. अडचण इच्छेची आहे. अर्थात माथाडी मंडळांचा इतिहास निर्दोष नाही. माथाडीच्या नावाखाली काम न करता पैसे उकळणाऱ्या टोळ्यांच्या तक्रारी राज्यातील उद्योजक वर्षानुवर्षे करीत आले आहेत आणि त्या सर्व निराधार नाहीत. परंतु दोष अंमलबजावणीत होता, तत्त्वात नव्हे. या क्षेत्रात बोगस नोंदीला तर वावच कमी, कारण पुडके प्रत्यक्ष दिल्याची नोंद पुष्कळदा ग्राहकाच्या सांकेतिक क्रमांकाने पुरी होते.

अशाने माल महाग होईल, अशी भीती घातली जाईल. पुडक्यामागे दोन-चार रुपये वाढतील हे खरे धरले, तरी वरच्या हिशेबाप्रमाणे पहिल्या फेरीत दारे उघडण्याचे प्रमाण वाढवून तेवढी बचत सहज करता येते. बचत व्यवस्थेतून करायची की माणसाच्या पोटातून, एवढाच प्रश्न उरतो.

शहराचे आणि ग्राहकाचे काम

शिक्षक आणि कारकून नोकरीवर असतात त्याच वेळी पुडके घरी येते, ही या व्यवस्थेतील मूळची विसंगती आहे. जर्मनीत टपालसेवेने २००१ पासून रस्त्याच्या कडेला पार्सलपेट्या उभारल्या. ग्राहक संकेत टाकून आपल्या सवडीने पुडके काढून घेतो. आपल्याकडे अशा पेट्यांना लागणारे भांडवल सर्वत्र मिळणार नाही; पण कोपऱ्यावरचा वाणी, औषधांचे दुकान, सार्वजनिक वाचनालय, रेल्वेस्थानक आणि बसस्थानक ही ठिकाणे आहेत. पन्नास घरांची पुडकी एका ठिकाणी उतरली, की पन्नास जिने वाचतात. दुकानदाराला पुडक्यामागे थोडे पैसे मिळतील आणि गिऱ्हाईक दुकानात येईल. ऑनलाइन व्यापाराने ज्याचा धंदा ओढून नेला, त्यालाच या साखळीत मानाने सामावून घेण्याचा हा मार्ग आहे. टपालकचेऱ्यांनीही निवडक ठिकाणी रात्री आठपर्यंत पुडके देण्याची खिडकी उघडी ठेवली, तर नोकरदारांची मोठी सोय होईल.

नगरपालिकांनी नव्या इमारतींना परवानगी देताना वाहने लावण्याच्या जागेचा आग्रह धरला. माल उतरवण्याच्या जागेचा विचार केला नाही. परिणामी प्रत्येक पुडके रस्त्यावर वाहन आडवे लावूनच उतरते. प्रवेशद्वाराशी पुडक्यांची खोली आणि रस्त्याच्या कडेला पाच-दहा मिनिटे थांबण्याची राखीव जागा, एवढे तरी नियमांत यावे. दिल्ली सरकारने २०२३ च्या योजनेद्वारे अशा सेवांची सर्व वाहने एप्रिल २०३० पर्यंत विजेवर चालवण्याचे बंधन घातले आहे. महाराष्ट्रातील शहरांनीही त्या दिशेने पावले टाकावयास हवीत; मात्र नव्या वाहनाच्या कर्जाचा हप्ता पुन्हा त्याच कामगाराच्या नावे पडणार नाही, हे पाहिले पाहिजे.

ग्राहकालाही कायद्याने बळ दिले आहे. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार प्रत्येक कंपनीने तक्रारनिवारण अधिकारी नेमला पाहिजे, ४८ तासांत तक्रारीची पोच दिली पाहिजे आणि महिन्याच्या आत तिचा निकाल लावला पाहिजे. दाद लागली नाही तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राकडे जाता येते. दाराशी आलेल्या माणसाशी हुज्जत घालण्यापेक्षा हा मार्ग अधिक परिणामकारक आणि अधिक न्याय्य आहे. कारण फुटलेली बरणी त्याने फोडलेली असेलच असे नाही. विद्यार्थ्यांसाठी टपालखात्याने मे २०२५ पासून 'ज्ञानपोस्ट' सुरू केले आहे. ३०० ग्रॅमपर्यंतच्या पुस्तकाला २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, हे त्याचे मूळ दर आहेत. या सोयीची माहिती शाळा-महाविद्यालयांतून व्हावयास हवी.

ग्राहकाची काही कर्तव्येही आहेत. पूर्ण पत्ता लिहिणे, फोन उचलणे आणि मागवलेली वस्तू क्षुल्लक कारणाने परत न करणे, ही ती होत. नाकारलेले पुडके आल्या मार्गाने तेवढाच खर्च करीत परत जाते. माल आणणाऱ्याला मुख्य लिफ्ट वापरू न देणाऱ्या गृहनिर्माण संस्था आजही आहेत. आठ मजले चढून आलेल्या माणसाकडून उशिराचा जाब मागणे, हा त्यातला क्रूर विनोद म्हणावा लागेल.

देशाने पत्राला एकच दर देऊन खेडे आणि शहर यांना एका सूत्रात बांधले, त्याला पावणेदोनशे वर्षे होत आली. हमालाला मालक नाही म्हणून तो निराधार असता कामा नये, हे महाराष्ट्राने १९६९ मध्येच ठरवले. नव्या व्यापारासाठी तत्त्वे नव्याने शोधावी लागणार नाहीत. राज्य शासनाने घरपोच सेवेतील कामगारांसाठी माथाडीच्या धर्तीवर मंडळ स्थापन करावे, टपालखाते, एस. टी. आणि स्थानिक संस्था यांना एकत्र बसवून निदान एका जिल्ह्यात खुल्या बटवड्याचा प्रयोग करावा आणि त्याचा हिशेब जनतेपुढे ठेवावा. दुर्गम वाडीतील विद्यार्थ्याचे पुस्तक ठरल्या दिवशी त्याच्या हाती पडू लागले आणि ते आणणाऱ्याला आजारपणाच्या दिवशीही चूल पेटण्याची खात्री मिळाली, तरच शेवटचा मैल सुधारला असे म्हणता येईल.